समोर उघडलेल्या शिंपल्यातला ‘खरा मोती’ घेण्याआधी हे वाचा

भाचीच्या लग्नासाठी नथ करायची होती आणि मोती समुद्रावरचेच हवेत अशी आक्काची हौस होती. तारकर्लीच्या किनाऱ्यावर एक जण बादलीत शिंपले घेऊन बसला होता. “शिंपला तुम्हीच निवडा, ताई. मोती निघाला तरच पैसे.” आक्काने निवडलेला शिंपला त्याने सुरीने फोडला, मांसाखाली अंगठा फिरवला आणि गुलाबी झाक असलेला गोल मोती काढून तिच्या तळहातावर ठेवला. मग लायटरची ज्योत धरली. मोती जळला नाही. शेवटी उन्हात फिरवून दाखवला, तर गुलाबीचा हिरवट झाला. “रंग लावलेला असता तर असा फिरला असता का?”

नथीला पुरतील एवढ्या मोत्यांचे साडेनऊ हजार रुपये घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, “समुद्राच्या मालाला कसलं बिल?”

कणकवलीला आमच्या सोनारांनी पहिला मोती विंधायला घेतला. सुई घसरली आणि वरचा थर पापुद्र्यासारखा उचलला गेला. त्यांनी भिंग आमच्या हातात दिलं. पापुद्र्याच्या कडेला चमकदार भुकटी आणि खाली स्वच्छ, पारदर्शक गोळी. “वैनी, हो मोती नाय. काच आसा.” सगळे तसेच निघाले.

काच लायटरने जळत नाही, त्यामुळे त्या ज्योतीने काहीच सिद्ध होत नव्हतं. पण मला जास्त राग आहे तो रंग फिरवून दाखवण्याचा, कारण त्यात अर्धं विज्ञान खरं आहे आणि म्हणूनच शिकलेली माणसंही त्याला भुलतात.

मोत्याच्या झळाळीत रंगद्रव्याचा वाटा थोडाच असतो. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या जेमतेम अर्ध्या मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या चपट्या चकत्या थरावर थर रचलेल्या असतात आणि मधे सेंद्रिय पदार्थाचे अतिशय पातळ पडदे असतात. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 0.4 ते 0.7 मायक्रॉन, म्हणजे चकतीच्या जाडीच्या जवळपासच. प्रत्येक थरावरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात, त्यात काही रंग उजळतात, काही विझतात. मोती कलता केला की किरणांचा मार्ग बदलतो आणि रंग सरकतो. मोरपिसाचा रंगही असाच रचनेतून येतो.

पण रचना फक्त मोत्यातच असते असं कुठे आहे? जेट्टीजवळच्या पाण्यावर डिझेलचा तवंग बघा, तोही रंग फिरवतो. ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने 1814 च्या सुमारास शिंपल्याच्या चकाकत्या पृष्ठभागाचा ठसा मेणावर घेतला, तर तसेच रंग मेणावर उमटले. नकली मोत्यांवर लावायच्या रंगात अभ्रकाचे कण असतात, त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवलेला असतो. तोही प्रकाशाशी हाच खेळ करतो. रंग बदलला म्हणून मोती खरा, हे म्हणणंच खोटं आहे.

खरा पुरावा त्याने आपल्याच हाताने आम्हाला दिला होता. आठवण म्हणून आक्काने तो शिंपला पिशवीत टाकला होता. घरी धुऊन पाहिला तर आतून खडूसारखा पांढरा, त्यावर जांभळट काळा डाग. हे आपलं खायचं कालव! बिजागरीपाशी पिवळट गोंद वाळलेला, म्हणजे शिंपला आधीच उघडून, गोळी घालून चिकटवलेला. शिंपल्याला आतून जे अस्तर असतं, तोच पदार्थ मोत्यावर चढतो. कालवाला चकाकतं अस्तरच नाही. त्यात क्वचित खडा धरला तरी तो मंद, बिनझळाळीचा असतो. मोत्यांसाठी आपल्याकडे परंपरेने नाव आहे ते मन्नारच्या आणि कच्छच्या आखातातल्या शिंपल्यांचं, आणि त्यांचं अस्तर मोत्यासारखंच झळाळतं.

म्हणून किनाऱ्यावर कुणी समोर शिंपला फोडला तर मोत्याकडे नंतर बघा, आधी शिंपल्याची आतली बाजू बघा. विंधलेला मोती असेल तर भोकाची कड भिंगाखाली तपासा, पापुद्रा तिथेच सुटतो. दोन मोती हलकेच एकमेकांवर घासले तर खरे किंचित खरखरीत लागतात, काचेचे घसरतात. व्हिनेगरची परीक्षा मात्र कुणाला करू देऊ नका, खरा मोती त्यात विरघळायला लागतो. मोती संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, आहे की नैसर्गिक, हे या युक्त्यांनी कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतला एक्स-रे लागतो. संवर्धित मोत्यावरचा थरही अस्सलच असतो. तुतीकोरीनला 1973 पासून तसे मोती तयार करून दाखवले गेले आहेत. तसा मोती तसं सांगून विकला तर त्यात फसवणूक नाही.

आम्ही परत गेलो तेव्हा तो माणूस तिथे नव्हता. बिल नाही, फोटो नाही, त्यामुळे तक्रारीत नाव घालायला काही उरलं नाही. तुमच्याकडे निदान पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर लगेच कळवा आणि तो फोडलेला शिंपला टाकू नका.