‘पासिंगसकट इंजिन’ म्हणणाऱ्याला मी २,३७,५०० रुपये दिले

जुनी जीप, कमांडर, जिप्सी जपून ठेवलेल्या नाशिककरांनो, कोणी ‘नवं इंजिन टाकून देतो, पासिंगची (म्हणजे आरटीओच्या मंजुरीची) जबाबदारी माझी’ म्हणाला की तिथूनच मागे फिरा. माझे २,३७,५०० गेले. हिशेब असा: इंजिन, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि वायरिंग १,६५,०००, त्यातून माझं जुनं इंजिन ठेवून घेतल्याचे १२,००० वजा. बसवणूक, गिअरबॉक्सची प्लेट, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट मिळून ४६,५००. आणि ‘पासिंग’चे ३८,०००. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलांनी तंबी दिली आहे.

गाडी १९९४ची एमएम ५४०, वडिलांनी दिंडोरीकडच्या द्राक्षबागेसाठी घेतलेली. आत प्यूजोचं एक्सडीपी डिझेल इंजिन, २,११२ सीसी, साठ-बासष्ट हॉर्सपॉवर. धूर काढायचं आणि कसारा घाटात मागच्यांच्या शिव्या खायचं. २०१९ला पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती, ती २०२४च्या शेवटी संपत होती. त्यात दिल्लीत दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्या बंद, आता इकडेही तेच येणार, अशा गप्पा चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत चालू होत्या. त्या गॅरेजवाल्याने नेमकी हीच नस पकडली. ‘काका, बीएस फोर इंजिन टाकलं की गाडीच बीएस फोर झाली. मग कोण भंगारात घालतंय?’

हे धादांत खोटं आहे. दिल्लीचा नियम दिल्ली परिसरापुरता आहे. आपल्याकडे १५ वर्षांनंतर गाडी तपासणीत पास झाली, शुल्क आणि पर्यावरण कर भरला, की पाच वर्षं पुढे चालते. शुल्क तेव्हा ५,००० होतं. पाच हजार शुल्क आणि करात होणाऱ्या कामाला मी अडीच लाखांच्या आसपास मोजले, हे घरात अजून रोज ऐकवलं जातं.

आणि इंजिन बदललं म्हणून गाडी बीएस फोर होत नाही. बीएस म्हणजे गाडीच्या धुराचं सरकारी मानक. बीएसचं प्रमाणपत्र सुट्या इंजिनाला नसतं. इंजिन, ईसीएम, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा), सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असं सगळं बसवलेलं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं आणि मंजुरी त्या मॉडेलला मिळते. माझ्या जीपमध्ये थारमधलं २.५ लिटरचं सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिन आलं आणि सायलेन्सर राहिला जुनाच, सरळ पाइपाचा. तरी त्याने पीयूसी काढून आणली आणि म्हणाला, ‘बघा, सरकारी कागद.’ पीयूसीवाला डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतो, इंजिन नंबर बघत नाही. नवं कॉमन रेल इंजिन जुन्या मर्यादेत आरामात बसणारच! पीयूसी दाखवून कोणी ‘गाडी कायदेशीर आहे’ म्हणत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

मला लोक विचारतात, तुला संशय कसा आला नाही? कसा येणार? माणूस गोडबोल्या, हाताला काळं लागलेलं, आधी केलेल्या गाड्यांचे फोटो दाखवणारा. इंजिन कुठून आणणार विचारलं तर ‘सातपूरला आतला माणूस आहे.’ नाशिकमध्ये निम्म्या घरांतला कोणी ना कोणी सातपूर-अंबडच्या कंपन्यांत असतोच, त्यामुळे असं वाक्य इथे खोटं वाटत नाही. माझी हयात अंबड एमआयडीसीत गेली. मीही मान डोलावली.

पण एक गोष्ट अशी आहे की ती आठवली की आजही रात्री झोप उडते. आरसी आधी आली. जीप अजून गॅरेजमध्ये लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उभी होती, प्रोपेलर शाफ्ट खाली पडलेला, बॉनेट भिंतीला टेकवलेलं, आणि पठ्ठ्याने माझ्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटातून नवं स्मार्ट कार्ड ठेवलं. त्यावर नवा इंजिन नंबर छापलेला! मी ते उलटसुलट करून बघितलं, खूश झालो, पेढे मागवले. अरे, गाडी जागची हललेली नाही, मोटार वाहन निरीक्षकाने डोळ्यांनी पाहिलेली नाही, नंबर कोणी पडताळलेला नाही, मग कार्ड छापलं कोणी? शिवाय आरसी पोस्टाने घरी येते, मेकॅनिकच्या खिशातून येत नाही. हे सगळं आज सुचतं. तेव्हा हातात चकचकीत कार्ड होतं, आणि सरकारी दिसणाऱ्या कार्डाला खोटं समजायची सवय आमच्या पिढीला नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर नंबरच्या जागी ताजा रंग होता, तोही दिसला होता. ‘गंज लागू नये म्हणून मारलाय काका.’ उत्तर पटण्यासारखंच होतं की नाही, तुम्हीच सांगा.

बिलाचीही तीच कथा. जीएसटी नंबर २४ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो, २४ गुजरातचा. भाच्याने जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर निघाला कापडाचा व्यापारी. दोन मिनिटांचं, फुकट काम आहे, पैसे देण्याआधी करा.

नोंदणी वाढवायला गाडी आरटीओत तपासणीला नेली तेव्हा सगळं बाहेर आलं. संगणकावर जुनाच इंजिन नंबर, माझं कार्ड बनावट, गाडी नापास. निरीक्षकांनी शांतपणे कायदा सांगितला, तो तुम्हीही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच ठणकावलं आहे. इंजिन खराब झालं तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, पक्क्या बिलाचं इंजिन घालायचं, आणि तेही आधी परवानगी घेऊन. ६२ हॉर्सपॉवरच्या जागी १०५चं चालत नाही. कलम १८२अ प्रमाणे अशा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० दंड, किंवा दोन्ही. मालकाला, बरं का. ज्याने बसवलं तो मोकळा, दुसऱ्याची जीप घोड्यांवर चढवतोय.

तक्रार करायला गेलो तर आरटीओ कार्यालयातला माणूस म्हणाला, ‘कार्ड आमचं नाहीच, मग आमच्याकडे कशाला आलात? पोलिसांत जा.’ ठाण्यात गेलो तर, ‘सरकारी कार्ड बनावट आहे ना? मग त्या कार्यालयाने फिर्याद द्यायला पाहिजे.’ परत कार्यालयात, तर साहेब मीटिंगला. परत ठाण्यात, तर ‘हा दिवाणी मामला आहे, तुमचं आपसात बघा.’ बनावट सरकारी कागद दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८(४) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं तर हवालदार म्हणतो, ‘वकील आहात का?’ मग हळूच मुद्द्यावर आले. ‘ते अडतीस हजार कशाचे दिलेत? लाच द्यायला दिलेत ना?’ सगळ्या ठाण्यासमोर. एजंटाची फी म्हणून दिले होते हो! अख्खा गाव एजंटामार्फत कामं करतो, खिडकीवर गेलं तर खिडकीवालाच एजंटाकडे बोट दाखवतो, आणि आरोपी मी? वर आणखी, इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर चोरीचा माल बाळगल्याचं कलम ३१७ तुमच्यावरच लागू शकतं, असा दम. ते कोणत्या गाडीचं आहे हे शोधून द्या म्हटलं तर तेवढं मात्र कोणी शोधत नाही.

शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली वरच्या पोलीस अधिकाऱ्यांना टपालाने पाठवला. त्यांनीही दाद दिली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तोंडी तक्रारीवर ठाण्यात बसून राहू नका, चहासुद्धा मिळत नाही. ग्राहक आयोगातही दावा टाकला आहे. पाच लाखांपर्यंत तिथे शुल्क नाही, ई-जागृतीवर घरबसल्या भरता येतो, मुदत दोन वर्षांची.

पैसे रोख देऊ नका. माझे ५०,००० आगाऊ आणि ते ३८,००० रोखीत गेले, बाकीचे त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर यूपीआयने. मेव्हणा आता म्हणतो, उसने घेतले होते ते परत आले. ज्याचं बिल त्याच्याच खात्यावर पैसे, नाहीतर नाही. जुनं इंजिन विकत घ्यायचं असेल तर ते कोणत्या गाडीतून काढलं, त्या गाडीची आरसी आणि विमा कंपनीचे सॅल्व्हेजचे (निकामी गाडी विकल्याचे) कागद मागा. ‘नंतर देतो’ म्हटलं की उठा. डिजिलॉकरमध्ये तुमची आरसी उघडून त्यातला इंजिन नंबर हातातल्या कार्डाशी आणि ब्लॉकवरच्या नंबराशी आजच ताडून बघा.

आणि काही झालं तरी मूळ इंजिन गॅरेजवाल्याला देऊ नका. १२,००० मिळताहेत म्हणून मी देऊन टाकलं. आता आरसीवर नंबर त्या इंजिनाचा आहे आणि इंजिन भंगारात कुठे वितळलं कोण जाणे. दुसरं एक्सडीपी मिळालं तरी त्याचा नंबर वेगळा, म्हणजे पुन्हा परवानगीचा अर्ज, पुन्हा तीच खिडकी. तोवर नोंदणीला उशीर झाला म्हणून महिन्याला ५०० रुपये चढत आहेत, तेही माझ्याच नावावर.