एआरटी सेंटर: डिलिव्हरीच्या आधी झकास, नंतरचं सांगते

प्रेग्नन्सीत एचआयव्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट आला तेव्हापासून याच एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं मिळतात ते) जातेय, आता बाळ धरून धरून उभं राहतंय. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाव टाकलं की मी कोण ते पण कळणार.

डिलिव्हरीच्या आधी सगळेच लक्ष देतात हो. रोजची गोळी, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते मोजणं), तारीख चुकली की लगेच फोन. उपचार नसले तर बाळाला लागण व्हायची शक्यता 15 ते 45 टक्के आणि नीट घेतले तर 5 च्या खाली, हे ऐकल्यावर कोण गोळी चुकवतंय. खरी गळती लागते ती नंतर. झोप नाही, टाके दुखतायत, घरात सगळ्यांना सांगितलेलं नाही, त्यात बाळाची 6 आठवड्यांची पीसीआर (थेट विषाणू शोधणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आली की वाटतं सुटलो एकदाचे! पण अंगावर पाजतोय तोवर धोका असतोच, आणि आईच्या अँटिबॉडी (साधी टेस्ट विषाणू नाही, याच शोधते) बाळाच्या रक्तात 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात म्हणून फायनल टेस्ट त्यानंतरच. हे मला डॉक्टरांनी नाही, तिथल्या पिअर ताईंनी (आपल्यासारख्याच पेशंट, बाकीच्यांना मदत करणाऱ्या) समजावलं, त्या स्वतः पॉझिटिव्ह आहेत आणि त्यांची निगेटिव्ह मुलगी शाळेत जाते. फोनवर त्या सेंटरचं नाव कधीच घेत नाहीत, "बाळाच्या डोसची तारीख आहे" एवढंच, म्हणजे सासूबाईंनी उचलला तरी टेन्शन नाही. ताईंना पाचपैकी पाच.

माझ्या गोळ्या आणि बाळाची तपासणी आता एकाच दिवशी करतात, आधी दोन वेगळ्या तारखा द्यायचे, तान्ह्याला घेऊन कोण दोनदा येणार? व्हायरल लोड दबलेला असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, ते पण बरंय.

आता तक्रार. काउन्सेलिंगचा दरवाजा सताड उघडा, बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येतं. एका मुलीला गोळ्या चुकल्या म्हणून सिस्टरनी सगळ्यांसमोर झापलं, ती परत काही दिसली नाही. मग रजिस्टरमधे "पेशंट येत नाही" लिहायचं, वा! एकूण साडेतीन स्टार, दीड त्या दरवाजाचे आणि सिस्टरच्या तोंडाचे कापले.

आणि बाळंतपणाला किंवा नंतर दुसऱ्या गावी जाणार असाल तर ट्रान्सफर लेटर आणि जादा गोळ्या आधीच मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही.