‘द इसेन्शियल डाइक्स टू वॉच आउट फॉर’: बरेच महिने वाचल्यानंतरचा अनुभव

हे पुस्तक घेणार असाल तर एक पथ्य आधीच सांगायला हवं: शनिवार-रविवार बसून ते संपवू नका. तसं केलंत तर कथानक कळेल, पण अमेरिकेतल्या हजारो बायकांनी या कॉमिकमधल्या पात्रांना सख्ख्या मैत्रिणींसारखा जीव का लावला, ते कळणार नाही.

अमेरिकन चित्रकार ॲलिसन बेक्डेलची, लेस्बियन मैत्रिणींच्या गटावरची ही स्ट्रिप (हप्त्याहप्त्याने येणारी चित्रकथा) १९८३ ते २००८ या काळात स्त्रीवादी आणि समलिंगी समाजाच्या छोट्या वृत्तपत्रांतून येत होती. एकूण ५२७ स्ट्रिप्सपैकी ३९० या जाडजूड खंडात आहेत. मूळ वाचकाच्या हाती साधारण पंधरा दिवसांतून एकदा दहा-बारा चौकटी पडायच्या, बस. मो, लोइस, जिंजर, स्पॅरो, क्लॅरिस, टोनी ही मंडळी १९८७ पासून स्थिरावतात आणि पुढे कॅलेंडरच्याच वेगाने वयाने वाढतात. टोनी आणि क्लॅरिस हे जोडपं; टोनीला राफी हा मुलगा होतो. तो बोलायला लागतो, शाळेत जातो, आयांना उलट उत्तरं देतो. क्लॅरिस स्वतः वकील, तरी ज्या मुलाला रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरायचं त्याची कायद्याने कोणीतरी लागायला तिला दत्तकाची प्रक्रिया करावी लागते. घरी तेवढंच मूल असलेल्या वाचक बाईने हे सगळं वर्षानुवर्षं, हप्त्याहप्त्याने पाहिलं. जिव्हाळा जडला तो या सोबतीने.

म्हणून एका बैठकीत दोन स्ट्रिप्स, फार तर तीन. पहिल्यांदा फक्त फुग्यांतले संवाद वाचा. दुसऱ्यांदा संवाद सोडून मागचं चित्र बघा: रेडिओवरची बातमी, वर्तमानपत्राचा मथळा, मो जिथे काम करते त्या ‘मॅडविमिन बुक्स’च्या फळ्या. आखाती युद्ध, क्लिंटन, ११ सप्टेंबर, इराक हे सगळं या मागच्या भिंतींवरून सरकत जातं आणि आपण कोणत्या सालात आहोत ते कळतं. ‘बाउंडर्स बुक्स अँड म्युझॅक’ नावाचं साखळी दुकान आधी येताजाता थट्टेत येतं. पुढे मॅडविमिनला खरोखरच कुलूप लागतं. घाईत वाचणाऱ्याला तो एक प्रसंग वाटतो. सावकाश वाचणाऱ्याला मात्र आपलं नेहमीचं दुकान बंद झाल्यासारखं लागतं. त्या काळात अमेरिकेतली स्त्रीवादी पुस्तकांची दुकानं एकामागून एक खरोखरच बंद पडत होती.

आता पत्रांबद्दल, कारण माझ्या मते या स्ट्रिपची निम्मी गंमत तिथेच आहे. या स्ट्रिपचा जन्मच पत्रातला. मैत्रिणीला लिहिताना बेक्डेलने समासात एक वैतागलेली बाई काढली आणि खाली थाटात ‘चित्र क्र. २७’ असं लिहिलं. आधीची सव्वीस चित्रं नव्हतीच. त्याआधी, १९७२ मध्ये, चित्रकार ट्रिना रॉबिन्सने ‘विमेन्स कॉमिक्स’ या बायकांनीच काढलेल्या कॉमिकमध्ये एका लेस्बियन मुलीची गोष्ट काढली होती. ती बाहेरून पाहून लिहिलेली आहे, असं मेरी विंग्ज या वाचक बाईला वाटलं, आणि तिने १९७३ मध्ये स्वतःचं ‘कम आउट कॉमिक्स’ काढलं. वाचकाचं इतकं सविस्तर उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल! आणखी मागे गेलं, तर १९५७ मध्ये ‘द लॅडर’ या लेस्बियन मासिकाला नाटककार लॉरेन हॅन्सबेरीने पत्रं लिहिली, तीही फक्त आद्याक्षरांनी. पूर्ण नाव छापून येण्याची किंमत तेव्हा मोठी होती. ही परंपरा माहीत असली की पूर्ण नाव-पत्त्यानिशी आलेल्या चाहतीच्या पत्राचं वजन कळतं.

बेक्डेलची कागदपत्रं स्मिथ कॉलेजच्या सोफिया स्मिथ संग्रहात आहेत. अशी जुनी पत्रं कधी वाचायला मिळाली, तर पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि गाव आधी टिपून ठेवा. ही स्ट्रिप बेक्डेल स्वतःच वेगवेगळ्या वृत्तपत्रांना पुरवायची. एकच भाग एका गावात आधी, दुसऱ्यात नंतर छापला जाणार, हे ओघानेच आलं. नुसती तारीख पाहून पत्र भलत्याच भागाला जोडलं, तर चाहती कशावर चिडली आहे याचा पत्ता लागत नाही.

तक्रारी आहेतच. एका पानावर एक अख्खी स्ट्रिप बसवल्याने हाताने लिहिलेली अक्षरं फार बारीक झाली आहेत. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा आणि टेबलावरचा दिवा घेऊनच बसावं. पुस्तक जड आहे, आडवं पडून वाचताना मनगट भरून येतं आणि पुस्तकाची बांधणीही ताणली जाते. टेबलावर सपाट ठेवून वाचलेलं बरं. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे गाळलेल्या १३७ स्ट्रिप्स. दोन स्ट्रिप्सच्या मधला काळ अचानक लांबतो, आणि ज्या सलगतेमुळे वाचक गुंतले तीच तुटते. असा सांधा निखळला की जुने सुटे खंड सेकंडहँड शोधा. पहिला १९८६ चा, फायरब्रँड बुक्सचा. पुढे ‘बेक्डेल टेस्ट’ (सिनेमात दोन बायका पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर एकमेकींशी बोलतात का, ही कसोटी) म्हणून गाजलेली १९८५ ची ती प्रसिद्ध स्ट्रिप त्यातच आहे.

छापलेली वाचकपत्रं प्रत्यक्ष वाचायची असतील, तर ती या खंडात मिळणार नाहीत. त्यासाठी ‘लव्ह अँड रॉकेट्स’ या दुसऱ्या एका कॉमिकचा कम्पॅनियन (सोबतीचा) खंड घ्या. मॅगी आणि होपी यांच्या त्या कॉमिकच्या पत्रव्यवहाराच्या पानांमधली निवडक पत्रं त्यात पुन्हा छापली आहेत.