जुना फोनो (ग्रामोफोन) "पॉलिश करून देतो" म्हणणाऱ्यांच्या हाती देऊ नका

नमस्कार मंडळी, हे लोक अजून फिरून राह्यले आहेत म्हणून लिहितो. धान निघालं की जुनं पितळ, भांडी, घड्याळं घेणारे गावोगाव येतातच, त्यात नवीन काही नाही. पण आमच्याकडे (साकोली तालुका, भंडारा जिल्हा) आले ते भंगारवाले नव्हते. पांढरी व्हॅन, बोलायला एकदम गोड, मोबाईलमध्ये चकाचक ग्रामोफोनचे फोटो, आणि विकत घेतो असं तर म्हणतच नाहीत. उलट म्हणतात, "काकाजी, विकू नका बरं ही वस्तू, फक्त वरचं पॉलिश गेलंय, साफ करून देतो, किंमत तिप्पट होते." विकू नका म्हणणाऱ्या माणसावर कोणाचाही विश्वास बसतो.

फोनो आमच्या मोठ्या बाबांचा, म्हणजे त्यांच्या वडलांनी नागपूरहून आणलेला, चावीचा, भोंगावाला. पेटी हात लागून लागून काळपट झालेली, पॉलिशला बारीक भेगा, एका कोपऱ्यावर कंदिलाच्या बुडाचा गोल डाग. भोंगा काळ्या रंगाच्या पत्र्याचा, कडेला सोनेरी रेघ, पेटीवर कंपनीची छोटी पट्टी. चार हजार ॲडव्हान्स घेतला, पावतीवर लिहिलं फक्त "दुरुस्ती व पॉलिश", आणि घेऊन गेले.

परत आणला तेव्हा अर्धा मोहल्ला पाहायला आला. पेटी घासून नारिंगी, वरून मेलामाइनचा जाड थर, मोठा चमचमता पितळी भोंगा, आणि पुढे कुत्र्याचं स्टिकर. सगळे वाहवा करून राह्यले होते, आणि मोठे बाबांनी तवा (रेकॉर्ड) लावला तर म्हणाले, "हा आवाज आपला नाही बाप्पा." आधी एका चावीत तीन मिनिटांचा तवा पुरता वाजायचा, आता गाणं मध्येच रेंगाळायला लागलं. नागपूरच्या एका जाणकार माणसाला दाखवल्यावर सगळं बाहेर आलं. आतली मोटर बदलून एखाद्या पोर्टेबल (उचलून न्यायच्या) फोनोची छोटी टाकलेली, अभ्रकाच्या पडद्याचा जुना साउंडबॉक्स (सुई बसते आणि आवाज निघतो तो गोल डबा) काढून बाजारातला नवा बसवलेला, भोंगा तर दिसतच होता, आणि कंपनीची पट्टी गायब. जुनं म्हणून उरलं ते पेटीचं लाकूड आणि आवाजाची नळी, तिच्यावरचं निकेलही बफिंगवर घासून उडवलेलं, खालचं पितळ पिवळं दिसून राह्यलंय.

फोन केला तर म्हणे, "जुना भोंगा गंजला होता, मी तर तुम्हाला पितळी फ्रीमध्ये दिला." नंतर नंबर बंद.

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण ही कोणी सांगत नाही. ठाण्यात अर्ज द्यायला गेलो तर पहिला प्रश्न आला की तुमचीच वस्तू बदलली याची ओळख काय? प्रश्न बरोबरच होता. आणि ओळख म्हणजे कंदिलाचा डाग, हाताचा काळपटपणा, त्या भेगा, ती पट्टी, हेच तर होतं, आणि तेच त्यांनी सॅंडपेपरनं घासून टाकलं. म्हणजे पॉलिश हे त्यांचं काम नाहीच, ती चोरी झाकायची पद्धत आहे. नवी चमक आली की कोणता भाग जुना आणि कोणता बदललेला हे घरच्या माणसालाही सांगता येत नाही.

किंमत वाढते हेही साफ खोटं. जुने फोनो जमवणारे लोक मूळ पॉलिश, मूळ रंग, मूळ ट्रान्सफर (पेटीवर उमटवलेली अक्षरं न चित्र) असलेलाच पीस शोधतात, थोडा कळकट असला तरी चालतो. घासलेल्या पेटीला ते हात लावत नाहीत. षटकोनी अष्टकोनी पेटी आणि पिवळाधम्मक भोंगा असे नवे "जुने" ग्रामोफोन आपल्याच देशात बनतात, कित्येक वर्षं टूरिस्ट लोकांना विकले जातात, आणि त्यांच्यात घालायला खऱ्या मोटरी न साउंडबॉक्स लागतात, आमच्या फोनोचे भाग अशाच कुठल्या पेटीत गेले असतील असं मला वाटतं. खरे पितळी भोंगे कधी नव्हतेच असं नाही, पण बहुतेक भोंगे रंग दिलेल्या पत्र्याचे असायचे, त्यामुळे तुमच्या घरचा काळा भोंगा कमी दर्जाचा आहे असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबा.

त्या काळच्या बऱ्याच पेट्यांचं पॉलिश चपड्याचं असायचं, म्हणजे लाखेचं. आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात पळसावर न कुसुमावर जी लाख होते तीच, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या गोळ्यानं थरावर थर द्यायचे. ती स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही पेटीवर लावलं की जुना थर चिकट होऊन कापडासोबत निघून येतो, आणि त्याच्यासोबत वरचं सोनेरी अक्षर पण जातं. जुने 78 चे (मिनिटाला 78 फेरे घेणारे) तवे पण लाखेचेच, त्यांनाही स्पिरिट अजिबात लावायचं नाही, तवा खराब होतो तो परत नीट होत नाही.

मग साफ करायचं काय? धूळ मऊ ब्रशनं काढा, मग जुन्या धोतराच्या कोरड्या कापडानं पुसा, फारच मळ बसला असेल तर कापड जरासं ओलसर करून आधी तळाशी किंवा मागच्या कोपऱ्यात करून पाहा आणि लगेच कोरडं करा कारण पाण्यानं लाखेवर पांढरट डाग येतो. अक्षरं आणि कुत्र्याचं चित्र असेल तिथं हातच लावू नका. निकेलच्या भागाला पितळ घासायचं पॉलिश नको, निकेलचा थर पातळ असतो. काळ्या रेक्झिनचा पेटीसारखा पोर्टेबल असेल (1931 पासून आलेलं एचएमव्ही 102 मॉडेल आपल्याकडे बऱ्याच घरी सापडते) तर रेक्झिन उपटून नवं लावून देतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा.

मशीनची गोष्ट वेगळी. आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं असते, साउंडबॉक्सचं रबर कडक होऊन आवाज फाटतो, हे बदलायलाच पाहिजे आणि त्यानं किंमत कमी होत नाही. फक्त स्प्रिंगचा डबा स्वतः उघडू नका, चावी भरलेली स्प्रिंग सुटली तर हात फाडते. वाळवी लागली असेल, किंवा आधीच कोणी पेटीला ऑइल पेंट मारून ठेवला असेल (आपल्याकडे दिवाळीला दारांसोबत पेट्याही रंगवायचे) तर जाणकाराकडून काम करून घेणं मला चूक वाटत नाही, तिथं वरचं मूळ पॉलिश उघडं राहिलेलंच नसते. पण कोणतंही काम तुमच्या डोळ्यासमोर, घरी बसून. न्यायचंच असेल तर आधी चारही बाजूंचे, भोंग्याचे, साउंडबॉक्सचे, झाकण उघडून मोटरचे फोटो काढा, नंबर असेल तर तो पावतीवर लिहून घ्या, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मिळेल हेही पावतीत लिहून सही घ्या. जो माणूस यावर का कू करते त्याला दारातूनच वापस पाठवा.

आमचा अर्ज तालुक्याच्या ठाण्यात आहे. काळ्या पत्र्याचा भोंगा, कडेला सोनेरी रेघ, तोंडाजवळ आतल्या बाजूला बोटभर लांब पोचा, असा कुठं विकायला आलेला दिसला तर फोटो काढून ठेवा आणि आणणाऱ्याला विचारा कुठून घेतला. आणि पांढऱ्या व्हॅनवाले तुमच्या गावात आले असतील तर कमेंटमध्ये गाव न तालुका टाका, सोबत गाडीचा नंबर मिळाला तर तो इथं न टाकता सरळ ठाण्यात द्या.