आठ महिने फायरफॉक्स: कंटेनर ठेवले, बाकीचं बरंच काढलं

फायरफॉक्स मुख्य ब्राउझर केला तेव्हा पहिले दोन आठवडे तो सजवण्यातच गेले. टॅब उभे केले, टूलबारवर मोजकी बटणं ठेवली, युजरक्रोम या ब्राउझरचं रूप बदलणाऱ्या फाइलमध्ये सीएसएस (दिसणं ठरवणारा कोड) लिहून मेनूतल्या नको त्या ओळीही लपवल्या. ही फाइल आवृत्ती 69 पासून (2019) आपोआप वाचली जात नाही, अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन ती सोय चालू करावी लागते. शिवाय अपडेटमध्ये आतल्या घटकांची नावं बदलली की आपलं सीएसएस लागू होत नाही, आणि सिंकमधून (संगणकांमधली सेटिंग जुळवणारी सोय) ही फाइल दुसऱ्या संगणकावर जातही नाही. एवढी मेहनत नको असेल तर उभे टॅब आता साध्या सेटिंगमध्येच आहेत.

खरं सुख कंटेनरचं, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले टॅबचे कप्पे, एकातलं लॉगिन दुसऱ्यात दिसत नाही. प्रत्येक साइटच्या कुकीजचा (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या ओळखखुणांचा) डबा वेगळा ठेवायचं काम फायरफॉक्स 2022 पासून स्वतःच करतो. पण एकाच मेल सेवेची दोन खाती शेजारशेजारच्या टॅबमध्ये उघडी ठेवायची तर कंटेनरच हवेत. त्यासाठी मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घ्यावं लागतं. बँकेची साइट मी कायमची एका कंटेनरला बांधून टाकली आहे. या एका सोयीसाठी मी हा ब्राउझर सोडणार नाही.

रेझिस्ट-फिंगरप्रिंटिंग (ब्राउझरच्या खुणांवरून आपल्याला ओळखणं अवघड करणारी सेटिंग) मात्र विचार करून चालू करा. ते साइटला आपली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सांगतं. मी हे न वाचताच चालू केलं आणि कॅलेंडरमधली एक मीटिंग चुकली. डार्क मोड मागितला तरी साइट पांढरीच दिसते.

त्यातून एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ओळख लपते ती सगळ्यांसारखं दिसल्याने. मी तर अकरा एक्स्टेन्शन, वेगळे फॉन्ट, खिडकीचा विचित्र आकार असं सगळं जमवून स्वतःला गर्दीत उठून दिसणारं केलं होतं. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टोर ब्राउझर वापरणाऱ्यांना जादा एक्स्टेन्शन घालू नका असं सांगतात, ते यासाठीच. ब्राउझर आपल्या मनासारखा करणं आणि गर्दीत मिसळणं, दोन्ही पूर्णपणे जमत नाही.

म्हणून आता ट्रॅकिंग संरक्षण ‘स्ट्रिक्ट’वर, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, कंटेनर आणि एक पासवर्ड मॅनेजर, एवढंच. स्ट्रिक्टमुळे कधी एखादा लॉगिन किंवा पानातला व्हिडिओ अडतो. पत्त्याशेजारच्या ढालीवर क्लिक करून त्या साइटपुरतं संरक्षण बंद केलं की बहुतेक वेळा चालतं. क्रोमियमशिवाय (क्रोम ज्यावर बनला आहे तो पाया) चालतच नाही अशी कामाची एक साइट आहे, तिच्यासाठी दुसरा ब्राउझर ठेवला आहे.