‘सीआयडी’ परतण्याआधी टीव्हीची दुरुस्ती: तपकीर गल्लीतील एका दुकानाचा अनुभव

शनिवारी, २१ डिसेंबर २०२४ रोजी, रात्री दहा वाजता सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’ ही गुन्हेतपासाची मालिका पुन्हा सुरू होणार होती, आणि आमच्या पुण्यातील सहकारनगरच्या घरात ऑक्टोबरमध्ये घोषणा झाल्यापासून तिची वाट पाहणे चालू होते. नोव्हेंबरच्या अखेरीस नेमका आमचा ३२ इंची एलईडी टीव्ही बिघडला. आवाज येत होता, पण पडदा काळा. कंपनीच्या सेवा केंद्राने एवढ्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नाहीत असे सांगून नवा संच घेण्याचा सल्ला दिला. आईने मात्र नव्या संचाला ठाम नकार दिला. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी १५४७ भागांनंतर ही मालिका थांबली, तेव्हा शेवटचा भाग तिने याच टीव्हीवर पाहिला होता. जिथे ती संपताना पाहिली तिथेच ती सुरू झालेली पाहायची, असे तिचे म्हणणे. शिवाय ७६ व्या वर्षी नव्या रिमोटची सवय करून घेण्यात मालिकेचा पहिलाच आठवडा घालवण्याची तिची तयारी नव्हती, आणि मला ते पटले.

म्हणून संच रिक्षात उभा धरून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत नेला. (एलईडी टीव्ही आडवा झोपवून नेऊ नये, पॅनेलला तडा जाण्याची भीती असते.) एका अरुंद जिन्याने वर गेल्यावर दोन माणसे जेमतेम मावतील एवढे हे दुरुस्तीचे दुकान आहे. तिथल्या काकांनी टीव्ही चालू केला, दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी टेकवला. उजेडाच्या त्या वर्तुळात वाहिनीचे चित्र अंधुक हलताना दिसले. म्हणजे पॅनेल आणि बोर्ड शाबूत होते, फक्त मागचा प्रकाश, ज्याला बॅकलाइट म्हणतात, तो गेला होता. हा प्रकाश देणाऱ्या पट्ट्यांवरचे दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक दिवा उडाला तरी सगळी माळ विझते, हे त्यांनी मी न विचारता आणि घाई न करता मला समजावले. कोणताही भाग उघडण्याआधी २२०० रुपये खर्च सांगितला आणि शेवटी तेवढेच घेतले.

एकच पट्टी बदलून काम भागले असते. तसे केल्यास उरलेल्या जुन्या पट्ट्या काही महिन्यांत एकेक करून जातील, असे सांगून त्यांनी सगळ्या पट्ट्या बदलण्याचा आग्रह धरला. त्याचबरोबर बॅकलाइटचा विद्युतप्रवाह थोडा कमी ठेवला, म्हणजे दिवे कमी तापतात आणि जास्त टिकतात. याची किंमत म्हणजे चित्र पूर्वीपेक्षा किंचित मंद दिसते. मला हा सौदा योग्य वाटतो. आईला सुरुवातीला वाटला नाही, कारण ‘सीआयडी’तील निम्मे गुन्हे रात्री घडतात आणि अंधारातल्या माणसाच्या हातात काय आहे, हे मालिकेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखेंच्या आधी तिला कळायला हवे असते.

दुरुस्तीनंतर संच तापल्यावर काय होते ते पाहण्यासाठी तो दोन तास चालू ठेवावा लागेल, असे काकांनी सांगितले. कोणता कार्यक्रम लावायचा हे त्यांनी माझ्यावर सोपवले, तेव्हा मी २००४ मधला तो भाग निवडला, जो एकही कट न घेता सलग १११ मिनिटे चित्रित केला गेला आणि ज्याची नोंद गिनीज बुकात झाली. चाचणीसाठी याहून चांगली निवड मला सुचली नसती. दृश्ये बदलत राहिली की पडद्याच्या उजेडातला फरक दृश्याचा आहे की संचाचा हे कळत नाही; इथे कॅमेरा थांबतच नाही, त्यामुळे लुकलुक झाली असती तर लगेच लक्षात आली असती. ती झाली नाही. हळूहळू जिन्यात शेजारच्या दुकानांतली चार मुले उभी राहिली, आणि गल्लीतल्या दुपारच्या गडबडीत शिवाजी साटम, आदित्य श्रीवास्तव आणि दयानंद शेट्टी यांच्याकडे सगळे शांतपणे पाहत राहिले. ही मालिका घडवणारे बी. पी. सिंग आपल्याच लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले आणि २०१८ मध्ये त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले, हे मी त्या मुलांना सांगितले तेव्हा त्यांचा आनंद पाहण्यासारखा होता. नव्या झलकीत मालिकेतले दोन जिवलग अधिकारी अभिजीत आणि दया एकमेकांविरुद्ध उभे दिसतात, त्यावर तिथेच जोरदार वाद झाला. माझे मत असे की, वीस वर्षे जपलेली ही मैत्री तोडायची असेल, तर तिचे कारण दोन भागांत उरकू नये. फ्रेडरिक्सचा विषय निघाला तेव्हा मात्र वाद थांबला. ही भूमिका करणारे दिनेश फडणीस यांचे डिसेंबर २०२३ मध्ये निधन झाले. त्यांच्या जागी कोणाला आणतील याची आईला खरी काळजी होती, आणि कोणालाच आणू नये असे तिला वाटत होते.

दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. फोन सहसा उचलला जात नाही. काम झाले का हे विचारण्यासाठी मला दोनदा लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून जावे लागले, आणि तिथे गाडी लावायला जागा मिळत नसल्यामुळे बसने किंवा रिक्षानेच जाणे बरे. हमी तीन महिन्यांची आहे, पण ती बिलावर लिहून मागावी लागली. काढलेल्या जुन्या पट्ट्याही विचारल्यावरच दाखवल्या गेल्या; त्यातला जळालेला दिवा काळा पडलेला स्पष्ट दिसत होता, त्यामुळे शंका उरली नाही.

घरी आणल्यावर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नाण्याएवढा एक उजळ ठिपका दिसला. पट्टीवरच्या दिव्याचे छोटे भिंग सरकले असावे, असे काकांनी या खेपेस फोनवर सांगितले आणि संच पुन्हा आणल्यास विनामूल्य बसवून देण्याचे कबूल केले. मी लगेच नेणार होतो, परंतु आईने तारीख मोजली. रविवारी, २२ तारखेला, दुसरा भाग संपल्यानंतरच संच घराबाहेर पडेल आणि पुढच्या शनिवारच्या आत परत यायला हवा, असे तिने ठरवले. काकांना मी तसे कळवले, तेव्हा सोमवारी सकाळीच घेऊन या, असे त्यांनी सांगितले.