हार्डवेअर वॉलेट: वर्षभर वापरून झाल्यावर

हार्डवेअर वॉलेट म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनाची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं उपकरण. आधीच सांगते, माझ्या वॉलेटच्या कंपनीचं नाव लिहिणार नाही. कोणाकडे कुठलं वॉलेट आहे ही माहितीसुद्धा चोराच्या कामाची असते. २०२० मध्ये अशी वॉलेटं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी फुटली. त्यात सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर होते. पुढे काहींच्या घरी कंपनीच्या नावाने खोटी पत्रं आली, काहींना तर चक्क बनावट वॉलेटं पोस्टाने आली. माझं पार्सल मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं ते म्हणूनच.

घ्यायचं निमित्त वझीरएक्सचं. जुलै २०२४ मध्ये क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या मुंबईच्या या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. माझं खातं तिथे नव्हतं. पण जिथे होतं तिथेही प्रायव्हेट की, म्हणजे क्रिप्टो खर्च करू देणारी ती गुप्त किल्ली, दुसऱ्याच्याच हातात होती.

उपकरण पेनड्राइव्हएवढं, दोन बटणं, बोटभर स्क्रीन. की आतच तयार होते आणि आतच राहते. लॅपटॉपला मिळते ती फक्त सही, म्हणजे त्या कीने दिलेली व्यवहाराची मंजुरी. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तरी की त्याच्या हाती लागत नाही. हे काम ते चोख करतं.

डोकेदुखी आहे ती २४ शब्दांची. हे इंग्रजी शब्द उपकरण सुरुवातीला दाखवतं आणि त्यांवरून की पुन्हा तयार करता येते. नुसतं उपकरण हरवलं तर चालतं, त्यासोबत शब्दही हरवले तर सगळं गेलं, आणि ते दुसऱ्याच्या हाती पडले तर त्याला उपकरणाची गरजच नाही. मी फोटो काढला नाही, ड्राइव्हवर ठेवले नाहीत, कुठे टाइपसुद्धा केले नाहीत. कागदावर लिहिले, पण आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना ओल येते. शेवटी स्टीलची पट्टी आणि अक्षरांचे पंच आणून हातोडीने ठोकले. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, कारण २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीत कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. (भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून करून घ्यायचा मोह झाला तर आवरा.)

पट्टी बरोबर आहे की नाही, हे पैसे टाकण्याआधीच पाहिलं. मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाकून उपकरण कोरं केलं आणि पट्टीवरून पुन्हा उभं केलं. दोन बटणांनी २४ शब्द भरणं म्हणजे शिक्षा आहे, तरी ही तालीम टाळू नका.

आता ज्याबद्दल दुकानदार बोलत नाहीत ते. तुम्ही स्वतःच चुकीच्या व्यवहारावर बटण दाबलंत, तर उपकरण इमानदारीने सही करून देतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर असेच गेले. सही करणाऱ्यांना वेबपानावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. माझ्या छोट्या स्क्रीनवर साधा व्यवहार नीट वाचता येतो, पण स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम) आलं की बऱ्याचदा अर्थ न लागणारी अक्षरंच दिसतात. अशा वेळी मी सरळ नकार देते. ज्या वॉलेटला पैसे पाठवायचे त्याचा पत्ता, म्हणजे अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ, तीही जुन्या व्यवहारातून कॉपी करत नाही. चोर आधी आणि शेवटी तीच अक्षरं असलेला पत्ता तयार करतात आणि त्यावरून किरकोळ रक्कम पाठवून तुमच्या यादीत घुसवतात. म्हणून मधली अक्षरंही जुळवायची, तीही उपकरणाच्या स्क्रीनवर.

मला सुमारे आठ हजार पडले. वीसएक हजारांचीच क्रिप्टो असेल तर हा खटाटोप करू नका.

पासफ्रेजची सोय, म्हणजे २४ शब्दांवर आपला आणखी एक गुप्त शब्द, मी बंदच ठेवली आहे. त्यात एक अक्षर चुकलं तरी ‘चूक’ असं दाखवत नाही, वेगळंच रिकामं वॉलेट उघडतं. आणि इथे बँकेसारखा नॉमिनी नसतो. पट्टी कुठे आहे आणि तिचं काय करायचं, हे नवऱ्याला लिहून दिलं आहे. माझ्या डोक्यातला पंचविसावा शब्द त्याने कुठून आणायचा?